मैदान राखणारी माणसे

बीड जिल्ह्यातल्या शाळेचे वर्ष दोन वेळापत्रकांवर चालते. एक शिक्षण खात्याचे, दुसरे साखर कारखान्यांचे. जूनमध्ये शाळा उघडते. पावसाळ्यात तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धा सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि थंडीच्या दिवसांत राज्य. कारखान्यांच्या वेळापत्रकात मोठा दिवस दसऱ्याचा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्या उसाच्या फडात असतात. आईबापांबरोबर धाकटी भावंडे जातात आणि त्यांना सांभाळायला थोरली बहीणही जाते.

ही दोन वेळापत्रके नेमकी मैदानावर एकमेकांना आडवी येतात. ऑगस्टमध्ये तालुक्याला जिंकलेला कबड्डीचा संघ पुढच्या फेऱ्यांसाठी उभा राहतो, तोवर त्यातली काही मुले ट्रकमध्ये बसून निघून गेलेली असतात. कबड्डीत मैदानात सात जण लागतात. त्यातला चढाईचा मुलगा गेला आणि डावा कोपरा गेला, की उरलेल्यांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गणिताच्या वर्गातून तीन मुले गेली तर वर्ग चालू राहतो. संघातून तीन मुले गेली तर संघ मोडतो. त्यामुळे स्थलांतराचा घाव सगळ्या शाळेवर पडत असला, तरी तो सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे दिसतो शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला. गावात त्यांना कुणी पीटीचे सर म्हणते, कुणी खेळाचे सर.

हे सर आणि या मॅडम अशा शाळेत वर्षानुवर्षे टिकतात कसे, कशामुळे खचतात, आणि त्यांना टिकवायचे असेल तर व्यवस्थेने काय करायला हवे, हे या प्रकरणात पाहू.

जिल्हा आणि त्याची शाळा

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. उत्तरेला गोदावरी वाहते, मधून बालाघाटच्या रांगा जातात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांत पाऊस बेभरवशाचा आणि जमीन हलकी. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. घरटी दोन माणसे बाहेर पडणे हे या हिशोबातच बसवलेले आहे.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा शाळेच्या आधाराने राहतात, जेवणाची सोय केली जाते आणि शाळा चुकत नाही. बाहेर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमीपत्रक दिले जाते. ते दाखवले की ऊसपट्ट्यातल्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचे असते. दोन्ही उपाय गरजेचे आहेत. पण दोन्हींमध्ये खेळाला जागा नाही. हमीपत्रकात मुलाची इयत्ता येते. तो उंच उडीत तालुक्यात पहिला आला होता, ही गोष्ट त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. फडाशेजारच्या शाळेतल्या सरांसमोर तो कोरी पाटी घेऊन उभा राहतो.

शिक्षकांची पदे ठरतात संचमान्यतेने, आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी मुले गावात असतात. महिन्याभराने वर्गाचे चित्र पालटते, कागदावरचा पट तोच राहतो. दिवाळीनंतर सरांना रोज नवा हिशोब मांडावा लागतो: कोण उरले, कोण वसतिगृहात आहे, कोण शेळ्या राखायला लागले. एखाद्या पालकाकडे जाऊन मुलाला मागे ठेवण्याची विनवणी केली, तर उत्तर बहुधा असे मिळते: “ठेवलं असतं हो सर, पण म्हातारी एकटी, तिच्याच्यानं पोराचं होतंय का?” या उत्तरापुढे कोणताही नियम लंगडा पडतो.

पद गेले कुठे?

शिक्षक टिकत नाहीत याचा अर्थ इंग्लंड-अमेरिकेत असा होतो की ते नोकरी सोडतात. बीडमध्ये कायम नोकरी मिळालेला शिक्षक सहसा ती सोडत नाही, कारण सोडून जायचे कुठे हाच प्रश्न असतो. इथे नाते तुटते ते दुसऱ्या तीन प्रकारांनी. माणूस निवृत्त होतो आणि जागा रिकामी राहते. माणूस राहतो, पण त्याच्याकडून दुसरेच काम करून घेतले जाते. किंवा माणूस काम करत राहतो, पण पगाराविना.

पहिल्या प्रकाराचे मूळ भरतीच्या धोरणात आहे. २ मे २०१२च्या निर्णयाने राज्यात अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी शिक्षकभरती थांबली. २०१७ साली पवित्र पोर्टलची व्यवस्था आली आणि प्रत्यक्ष नेमणुका त्यानंतर होऊ लागल्या. मधल्या काळात जे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी माणूस देताना संस्थांची आणि खात्याची पहिली पसंती गणित, विज्ञान, इंग्रजीला राहिली, आणि शारीरिक शिक्षणाचा तास ज्याच्या हाती सापडेल त्याच्याकडे गेला. बी.पी.एड. करून बसलेली मुले-मुली गावात आहेत आणि शाळेत त्या विषयाचा माणूस नाही, अशी स्थिती त्यातून तयार झाली.

प्राथमिक शाळांची गोष्ट आणखी निराळी. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे. पण तो अंशकालीन, आणि तोही मुलांची संख्या शंभराच्या वर असेल तरच. वस्ती-तांड्यावरच्या शाळेत शंभर मुले येणार कुठून? जिथे शाळेबाहेर खेळाची दुसरी कुठलीच सोय नाही, नेमक्या तिथल्या मुलाला कायद्याने हा शिक्षक दिलेला नाही. जिथे निदेशक मिळाले, तिथेही ते मानधनावर राहिले. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नसलेला माणूस तीन वर्षांनी तयार होणाऱ्या धावपटूचा विचार कसा करणार?

दुसरा प्रकार शिक्षकांच्या बोलण्यात रोज येतो. खेळाचे सर ‘मोकळे’ असतात, असा समज शाळेत घट्ट बसलेला आहे. गैरहजर शिक्षकाचा तास त्यांच्याकडे, पोषण आहाराच्या नोंदी त्यांच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणे त्यांच्याकडे, निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम त्यांच्याकडे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे संचलन, परिपाठातली शिस्त, सहलीचा बंदोबस्त ही कामे तर ठरलेलीच. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी मैदानाच्या तासाचा. वर्षाच्या शेवटी त्यांच्या लक्षात येते की आपण सगळे केले, फक्त शिकवायचे राहिले. अशा शिक्षकाची जागा हजेरीपटावर भरलेली असते, पण शाळेला खेळाचा शिक्षक उरलेला नसतो.

तिसरा प्रकार विनाअनुदानित शाळांचा. राज्यात अनेक शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी मिळाली. २००९ साली त्यातला ‘कायम’ शब्द वगळला गेला आणि पुढे अनुदानाचे टप्पे सुरू झाले: आधी २० टक्के, मग ४०, ६०. या टप्प्यांची वाट पाहण्यात शिक्षकांची उमेदीची वर्षे गेली आणि मुंबईच्या आझाद मैदानावरची आंदोलने हा त्यांच्या नोकरीचाच एक भाग झाला. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात शेती, दुकान किंवा शिकवण्या, अशी जोडकामे करून घर चालवणारे शिक्षक मराठवाड्यात सर्वत्र भेटतात. अनुदानित जागेवर लागलेल्यालाही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. त्याचे मानधन २०२३पर्यंत प्राथमिकला महिना ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वाढ मोठी वाटते, पण त्याआधी दहा-अकरा वर्षे आकडा हललेला नव्हता.

त्यागाची परंपरा आणि तिची मर्यादा

अल्प वेतनात शिकवण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. निजामाच्या राजवटीत स्वामी रामानंद तीर्थांनी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, शिक्षक म्हणून काम केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले ते अशाच शाळांमधून. शरीरशिक्षणाच्या क्षेत्रातही हेच दिसते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली. या संस्था पदरमोड करणाऱ्या माणसांनीच उभ्या केल्या. शासनाने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली, तेव्हा या कामाला नोकरीचे आणि व्यवसायाचे रूप येऊ लागले.

हा इतिहास अभिमानाचाच आहे. मात्र तो आजच्या शिक्षकापुढे आदर्श म्हणून ठेवताना एक फरक ध्यानात घ्यायला हवा. त्या काळातल्या माणसांनी त्याग स्वतः निवडला होता आणि समाज त्यांच्या पाठीशी उभा होता. आज त्याग गृहीत धरला जातो. स्पर्धेला मुले नेताना गाडीभाडे कमी पडले की सर खिशात हात घालतात, आणि पुढच्या वर्षापासून ती प्रथा होते. समग्र शिक्षा योजनेत खेळ साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. त्यात चेंडू, दोऱ्या, गोळा, थाळी येते. पण मुरमाड मैदानाची सपाटी, प्रवास, स्पर्धेच्या दिवसाचे जेवण आणि खेळाडूच्या पायातले बूट यांचा मेळ त्यात बसत नाही.

चिवटपणा कशाचा बनलेला असतो?

कठीण परिस्थितीत शिक्षक कसे टिकतात यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर डे आणि चिंग गू यांनी १०० शाळांमधल्या ३०० शिक्षकांच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. शिक्षकाचा चिवटपणा हा जन्मजात गुण नाही. तो कमी-जास्त होत राहतो, आणि ते कमी-जास्त होणे मुख्याध्यापक, सहकारी, विद्यार्थी आणि घर यांच्याशी असलेल्या नात्यांवर ठरते. नोकरीच्या सुरुवातीला ठाम असलेला माणूस वीस वर्षांनी खचू शकतो, आणि खचलेला माणूस शाळा बदलल्यावर पुन्हा उभा राहू शकतो.

अमेरिकेत रिचर्ड इंगरसॉल यांनी २००१ साली दाखवून दिले की शिक्षकांचा तुटवडा हा बऱ्याच अंशी गळतीचा प्रश्न आहे. नवे शिक्षक कितीही घडवले तरी आतले बाहेर पडत राहिले तर शाळा रिकामीच राहणार. बाहेर पडण्याच्या कारणांत कमी पगाराबरोबर प्रशासनाचा आधार नसणे आणि निर्णयात सहभाग नसणे ही कारणे ठळक होती. पुढे २०१२ साली सुसान मूर जॉन्सन, मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पॅपे यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांचा अभ्यास केला. गरीब मुलांच्या शाळांमधून शिक्षक अधिक संख्येने जातात हे खरे, पण त्याचे कारण मुलांची गरिबी नव्हे, तर त्या शाळांमधली कामाची परिस्थिती, असा त्यांचा निष्कर्ष. मुख्याध्यापकाचे नेतृत्व, सहकाऱ्यांशी संबंध आणि शाळेतले वातावरण चांगले असेल तर गरीब वस्तीतल्या शाळेतही शिक्षक समाधानाने राहतात.

भारतातही याला जुळणारा पुरावा आहे. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००२-०३च्या सुमारास देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या, तेव्हा चारपैकी एक शिक्षक गैरहजर आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. जास्त पगार असलेले शिक्षक अधिक हजर असतात असे त्या अभ्यासात दिसले नाही. पण इमारत बरी होती, रस्ता जवळ होता, तपासणी होत होती, तिथे गैरहजेरी कमी होती. पगार वेळेवर मिळायलाच हवा, तो हक्क आहे. रोजचे काम मात्र माणूस ज्या जागी करतो, त्या जागेवरही तितकेच अवलंबून असते.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचा वेगळा अभ्यास अमेरिकेत केव्हिन अँड्र्यू रिचर्ड्स, कॅरन गॉड्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या शिक्षकांचे दुखणे दुहेरी असते. त्यांचा विषय दुय्यम मानला जातो आणि बहुतेक शाळांत त्या विषयाचा माणूस एकटाच असतो. इंग्रजीचे दोन शिक्षक चहा घेताना एखाद्या धड्याविषयी बोलू शकतात. खेळाच्या सरांना लांब उडीच्या पट्टीविषयी बोलायला शाळेत कुणी नसते. आपले आणि आपल्या विषयाचे शाळेला महत्त्व आहे, असे ज्यांना जाणवते त्यांना हे एकटेपण कमी बोचते, असे या संशोधकांना आढळले. ही जाणीव रोजच्या वागण्यातून येते: वेळापत्रकातला तास राखला जातो का, शिक्षकसभेत मत विचारले जाते का, जिंकून आलेल्या संघाचे कौतुक परिपाठात होते का.

बीडचे सर कशाच्या बळावर उभे आहेत?

या संशोधनाच्या उजेडात जिल्ह्याकडे पाहिले की काही गोष्टी उमगतात. इथल्या शिक्षकाला बळ देणारी पहिली गोष्ट म्हणजे तो याच मातीतला असतो. पुष्कळांच्या घरात कुणी ना कुणी ऊस तोडलेला आहे. कोयत्याला जाणाऱ्या घराची लाज आणि लाचारी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. म्हणून मार्चनंतर परतलेला मुलगा बुजत-बुजत मैदानाच्या कडेला उभा राहतो, तेव्हा त्याला “कुठं होतास?” असे न विचारता सरळ खेळायला घेतले जाते. वर्गात त्याला पाच-सहा महिन्यांचे धडे भरून काढायचे असतात. मैदानावर तो पहिल्या दिवसापासून इतरांच्या बरोबरीचा असतो, कधी कधी सरसही, कारण फडावर त्याच्या अंगाने कष्ट केलेले असतात. पुन्हा शाळेत रुळण्याचा सर्वांत सोपा रस्ता मैदानातून जातो, हे अनुभवी शिक्षकांना पक्के माहीत असते.

दुसरी गोष्ट भरतीची. जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची आणि सैन्याची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी परीक्षेत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ही मैदानी परीक्षा ५० गुणांची. पात्र खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. कोयता सुटण्याच्या ज्या थोड्या वाटा इथल्या मुलापुढे आहेत, त्यातली एक मैदानातून जाते, आणि ती वाट दाखवणारा पहिला माणूस शाळेतला असतो. गोळा खांद्यावरून कसा ढकलायचा, सुरुवात कशी घ्यायची, शेवटच्या फेरीसाठी श्वास कसा राखायचा, हे आठवीत शिकलेल्या मुलाला विसाव्या वर्षी उपयोगी पडते. वर्दी चढवून आलेला माजी विद्यार्थी सरांच्या घरी येऊन पाया पडतो, तेव्हा मिळणारे समाधान कुठल्याही पुरस्काराहून मोठे असते.

तिसरी गोष्ट मुलींची. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती त्यामागे आहे, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो हेही आहे. संघात असलेली मुलगी या हिशोबात थोडी अवघड जाते. तिची चौकशी करणारे कुणीतरी असते. ती दोन दिवस आली नाही तर मॅडम घरी येतात. स्पर्धेच्या यादीत तिचे नाव आहे, तिचा फोटो शाळेच्या फलकावर लागला आहे. खेळामुळे बालविवाह थांबतातच असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण मुलीचे नाव ज्या ज्या ठिकाणी नोंदलेले असते, त्यातले प्रत्येक ठिकाण तिला धरून ठेवते. शाळेत क्रीडाशिक्षिका असणे म्हणूनच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पालक मुलीला परगावच्या स्पर्धेला पाठवतात ते बहुधा मॅडम सोबत आहेत म्हणून.

चौथी गोष्ट शिक्षकांच्या आपसातल्या नात्याची. तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी वेगवेगळ्या शाळांचे क्रीडाशिक्षक एकत्र येतात. फक्कीने रेषा आखतात, पंचगिरी करतात, एकमेकांच्या मुलांना पाणी पाजतात, दुपारी डबे उघडून बसतात. वर्षभर शाळेत एकटा असलेला माणूस त्या दिवशी आपल्या माणसांत असतो. कोणत्या मुलाला कोणत्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला पाठवायचे, अर्ज कुठे अडतो, जुना भाला कुणाकडे पडून आहे, अशा गोष्टी तिथे कळतात. संशोधक ज्याला व्यावसायिक आधार म्हणतात, तो इथे मैदानाच्या कडेला, झाडाच्या सावलीत तयार होतो.

तीन खेळाडू, तीन वाटा

या जिल्ह्याने देशाला काय दिले हे पाहिले की गमावले किती असेल याचाही अंदाज येतो. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकरी-कष्टकरी घरातला. लहानपणी तो शाळेत जायला रोज सहा किलोमीटर चालत किंवा पळत जात असे. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन पाहिले, राजस्थानचे वाळवंट पाहिले. स्पर्धेच्या धावण्याकडे तो २०१५ साली वळला, म्हणजे विशी ओलांडल्यावर. २०१८ साली त्याने ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतला गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष, अशी त्याची कमाई.

राहुल आवारे पाटोद्याचा. घरात कुस्ती होती, वडील स्वतः मल्ल. पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या हाताखाली तो घडला. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य त्याने मिळवले. प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली, वाढली पिंपरी-चिंचवड परिसरात. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, तेव्हा ती संघाची कर्णधार होती.

एकाची वाट सैन्यातून गेली, दुसऱ्याची तालमीतून, तिसरीची शहरातून. तिघांच्याही वाटा जिल्ह्याबाहेर पडल्यावर रुंदावल्या. ज्या मुलाला सैन्यात प्रवेश मिळाला नाही, ज्याच्या घरात तालीम नव्हती, ज्याचे घर पुण्याला न जाता फडावर गेले, त्याच्यासाठी उरते फक्त शाळेचे मैदान. आणि मैदान म्हणजे शेवटी त्याच्यावर उभा असलेला शिक्षक.

काय करता येईल?

पहिला बदल वेळापत्रकाचा. ज्या तालुक्यांतून स्थलांतर मोठे आहे, तिथल्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा सप्टेंबरअखेर संपवता येतील. पुढच्या फेरीत पोचलेल्या मुलांना हंगामी वसतिगृहात आधी जागा आणि संघाच्या प्रवासाचा खर्च दिला, तर दसऱ्याला संघ मोडणार नाही.

दुसरा बदल वसतिगृहांचा. संध्याकाळी शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ आईबापांविना राहणाऱ्या मुलांना सर्वांत जड जातो. त्या वेळेत रोज तासभर खेळ घेण्याची जबाबदारी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला रीतसर, वेगळ्या मानधनासह द्यावी. आज काही शिक्षक हे प्रेमापोटी करतात. जे प्रेमापोटी होते त्याची शासनाच्या कागदावर नोंद झाली, तरच त्या शिक्षकाच्या बदलीनंतरही ते चालू राहते.

तिसरा बदल पदांचा. छोट्या शाळेला स्वतंत्र शिक्षक देता येत नसेल तर एका समूह केंद्रातल्या शाळा मिळून एक पूर्णवेळ शिक्षक नेमावा आणि त्याला प्रवासभत्ता द्यावा. त्याने आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत आणि प्रत्येक शाळेतल्या वर्गशिक्षकालाही रोजचा तास घ्यायला शिकवावे. शालेय शिक्षणाच्या २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. माणूस नेमल्याशिवाय ते स्थान मुलापर्यंत पोचणार नाही.

चौथा बदल हमीपत्रकाचा. त्यात मुलाचा खेळ, त्याची कामगिरी आणि सरांचा संपर्क यांसाठी दोन ओळी वाढवल्या, तर कोल्हापूर-सांगलीच्या शाळेत गेलेला मुलगा तिथल्या संघात उभा राहू शकेल. ऊसपट्ट्यातल्या शाळांची मैदाने चांगली आहेत, तिथे शिक्षक आहेत. हंगामाचे महिने त्या मैदानांवर बीडच्या मुलांचाही हक्क असायला हवा.

पाचवा बदल पैसा न लागणारा, आणि कदाचित सर्वांत परिणामकारक. मुख्याध्यापकाने मैदानाचा तास कुणालाही उचलू न देणे. क्रीडाशिक्षकाला बदली तासांचा साठा न समजणे. स्पर्धेहून परतलेल्या मुलांचे नाव दुसऱ्या दिवशी परिपाठात घेणे. केंद्रप्रमुखाने शाळाभेटीत भाषा-गणिताबरोबर खेळाच्या तासाचीही विचारपूस करणे. आपल्या कामाला महत्त्व आहे ही जाणीव माणसाला अशाच गोष्टींतून मिळते.

आपल्याकडे अडचणीतल्या शिक्षकाचे कौतुक करण्याची रीत आहे. खिशातून पैसे घालणारे सर, सुट्टीतही मैदानावर येणाऱ्या मॅडम यांच्या बातम्या छापून येतात आणि त्या वाचून आपल्याला बरे वाटते. कौतुक जरूर करावे. पण असा प्रत्येक शिक्षक व्यवस्थेच्या एकेका उणिवेवर स्वतःचा वेळ, पैसा आणि तब्येत घालून पांघरूण घालत असतो, हेही त्याच बातमीत वाचायला शिकले पाहिजे. त्याच्या चिवटपणाच्या भरवशावर रिकाम्या जागा आणि थकलेले पगार आणखी किती वर्षे चालवायचे, हे आता शिक्षण खात्याला, शिक्षण संस्थांना आणि लोकप्रतिनिधींना नाव घेऊन विचारायला हवे. ऊस तोडणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेत परत आणणारा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा माणूस याच जिल्ह्यात आहे, तो काम करायला तयारही आहे. त्याला पद, पूर्ण पगार आणि मानाचा तास देणे ही मेहेरबानी नव्हे, ते आपल्याकडे थकलेले देणे आहे.